ब्लूबेरी आधी कुंडीत ठरू दे

सांगली, कऱ्हाड, कोल्हापूरच्या मोठ्या दुकानांत ब्लूबेरीचा १२५ ग्रॅमचा डबा आता नवलाचा राहिलेला नाही. भारत आणि अमेरिका यांच्यातल्या व्यापारी वादांची २०२३ मध्ये तडजोड झाली, तेव्हा ब्लूबेरी आणि क्रॅनबेरीवरचे आयात शुल्क कमी करायला भारताने मान्यता दिली. डब्यावरची किंमत वाचली की ऊसपट्ट्यातल्या माणसाच्या डोक्यात एकराचा हिशेब सुरू होतोच. त्यात मोबाइलवर रोपांच्या जाहिराती येत राहतात: ‘उष्ण हवामानात येणारी’, ‘गच्चीवर कुंडीत भरघोस’, ‘कोणत्याही मातीत’. यातला शेवटचा दावा साफ खोटा आहे, पहिला अर्धामुर्धा खरा आहे आणि मधला खरा करून दाखवता येईल, पण जात नेमकी निवडली तरच. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरच्या परिसरात ब्लूबेरी लावायची तर ती कुंडीतच लावावी, आणि कोणत्या जातीला आपला हिवाळा मानवतो हे कुंडीत दोन-तीन हंगाम दिसल्याशिवाय कोणी एकराची भाषा करू नये, असे माझे म्हणणे आहे. हे म्हणणे भित्रेपणाचे वाटेल. पण त्यामागची कारणे मातीत, पाण्यात आणि आपल्याच जिल्ह्याच्या शेतीच्या इतिहासात आहेत.

कुंडीच का, ते आधी पाहू. ब्लूबेरीला आम्ल जमीन लागते (आजच्या हिशेबाने सामू ४.५ ते ५.५), हे अमेरिकेच्या कृषी खात्यातले वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दाखवले. चुनखडी घातलेल्या, चांगल्या खतावलेल्या बागेच्या जमिनीत हे झुडूप कुढत मरते आणि जंगलातल्या नापीक, आंबट वाळूत मजेत वाढते, हे कोडे तेव्हा सुटले. कोव्हिल आणि न्यू जर्सीच्या एलिझाबेथ व्हाइट यांनी मिळून जंगली झुडपांतून निवड केली आणि १९१६ मध्ये लागवडीच्या ब्लूबेरीचे पहिले पीक बाजारात गेले. म्हणजे ऊस किंवा द्राक्षाप्रमाणे हजारो वर्षे माणसाच्या हाताखाली राहून मवाळ झालेले हे पीक नव्हे. रानातून आणून त्याला जेमतेम शंभर वर्षे झाली आहेत, आणि त्याचा रानटी हट्ट अजून गेलेला नाही. आता आपली जमीन पाहा. कृष्णा आणि वारणेच्या मधली ही काळी माती बेसॉल्टची, चुनखडीची. तिचा सामू साडेसातपासून साडेआठपर्यंत. उसाला बेसुमार पाणी पाजून वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांतली कितीतरी रानं खारवट आणि चोपण झाली, आणि कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्राला त्यावर वर्षानुवर्षे डोके घालावे लागले. उसाच्या कोवळ्या पानावर केवडा पडतो, शिरा हिरव्या आणि मधली पट्टी पिवळी पांढरी होते, तेव्हा जमिनीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नसते. ज्या जमिनीत उसासारख्या दणकट पिकाला केवडा पडतो, तिथे ब्लूबेरीचे काय होईल हे वेगळे सांगायला नको. तिच्या मुळांना तर मूलरोमही नसतात.

‘गंधक टाकून सामू उतरवू’ असे काही जण सांगतात. सामूचे गणित साधे नाही. आठवरून पाचवर येणे म्हणजे आम्लता हजारपट वाढवणे. शिवाय चुनखडीच्या जमिनीत गंधकापासून तयार झालेले आम्ल आधी चुना खाऊन टाकतो आणि चुना संपेपर्यंत सामू हलत नाही. आपल्या रानात तो संपत नाही. कुंडीत मात्र जमिनीचा प्रश्नच उरत नाही: धुऊन खारटपणा काढलेले कोकोपीट, थोडे भाताचे तूस, थोडे पर्लाइट, बस. पॉलिहाऊसमध्ये जरबेरा किंवा ढोबळी मिरची केलेल्या शेतकऱ्याला हे नवे नाही. इथे आपल्या एका चांगल्या सवयीला मात्र मुरड घालावी लागते. शेणखत, राख, हाडांचे खत, चुना यांतले काहीही ब्लूबेरीच्या कुंडीत जाऊ नये. नत्र अमोनियम सल्फेटमधून आणि अगदी थोडे-थोडे द्यावे. पालाश द्यायचे तर म्युरेट ऑफ पोटॅशमधून नको, कारण त्यातला क्लोराइड या मुळांना सोसत नाही.

इथपर्यंतचे बहुतेकांना पटते. वाद सुरू होतो तो जातीवर. रोपवाटिकेत गेलो की एकच आकडा पुढे येतो: थंडीचे तास. हिवाळ्यात तापमान साधारण ७.२ अंश सेल्सियसच्या खाली किती तास राहिले, याची ती बेरीज. उत्तर अमेरिकेतल्या थंड प्रदेशातल्या नॉर्दर्न हायबुश जातींना, म्हणजे ड्यूक, ब्लूक्रॉप वगैरेंना, असे आठशे ते हजार तास लागतात. रॅबिटआय गटातल्या टिफब्लू, ब्राइटवेल, क्लायमॅक्स यांना साधारण साडेतीनशे ते सातशे. सदर्न हायबुश गटाला दीडशे ते पाचशे, आणि त्यातल्या बिलॉक्सी, मिस्टी, शार्पब्लू यांची गरज दीडशेच्या आसपास सांगतात. ग्राहक खूश होतो: दीडशे तास म्हणजे काहीच नाही! पण इस्लामपुरात असे तास किती? डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा बहुधा १२ ते १५ अंशांवर असतो; एखादी थंडीची लाट आली तर आणखी थोडा उतरतो आणि आपण शेकोट्या पेटवतो. ७.२ अंशांच्या खाली तो जवळजवळ जातच नाही. म्हणजे आपल्या खात्यावरची बेरीज शून्याशेजारी आहे, आणि त्या हिशेबाने दीडशेची जातही नापास. तरीही काही जाती उष्ण मुलखात फळतात हे खरे आहे. याचा अर्थ थंडीचे तास हा आपल्यासाठी चुकीचा प्रश्न आहे, आणि चुकीच्या प्रश्नावर बेतलेली रोपखरेदीही चुकते.

फ्लोरिडा विद्यापीठात राल्फ शार्प यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास उत्तरेकडच्या हायबुशचा फ्लोरिडातल्याच एका रानटी, बाराही महिने हिरव्या राहणाऱ्या बुटक्या भावंडाशी संकर सुरू केला. व्हॅक्सिनियम डॅरोवाय हे त्या भावंडाचे शास्त्रीय नाव. या संकरातून जो सदर्न हायबुश गट निघाला, त्यातल्या काही जातींनी ते हिरवेपण वारशात घेतले. नत्र नेमाने मिळाले आणि पाने रोगांपासून वाचली, तर त्या हिवाळ्यात पानगळ करीत नाहीत, झोपतच नाहीत. आणि जे झोपत नाही त्याला जागे करायला थंडी लागत नाही. दिवस लहान झाले आणि रात्री गार झाल्या की त्या कळ्या धरतात. याला सदाहरित पद्धत म्हणतात आणि उष्ण मुलखातली ब्लूबेरी आज याच पद्धतीवर उभी आहे. म्हणून विचारायचे प्रश्न दोन. ही जात पाने न गाळता हिवाळा काढते का? आणि फुलल्यापासून दोन-तीन महिन्यांत, म्हणजे इथला पारा एप्रिलमध्ये ३८-४० अंशांवर जाण्याआधी, तिचे बहुतेक फळ उतरते का? दुसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, आणि इस्लामपूरसाठी निकाल बहुधा तोच लावेल. तीव्र उन्हात फळ मऊ पडते, आणि झाडाची सारी ताकद तगून राहण्यातच जाते.

थंड मुलखातले झाड थंडीशिवाय फळवायचे, ही कल्पना तासगाव-पलूसच्या द्राक्ष बागायतदाराला अजिबात विचित्र वाटणार नाही. द्राक्षवेलही समशीतोष्ण प्रदेशातली. युरोपात ती हिवाळ्यात झोपते आणि वर्षातून एकदा छाटली जाते. आपल्याकडे ती झोपत नाही, म्हणून आपण एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी अशी दुहेरी छाटणी बसवली, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडचे पेस्टिंग आले, क्षारपड जमिनीसाठी डॉगरिजचे खुंट आले. आणि जातही आपणच शोधली: थॉम्पसन सीडलेसच्या बागेतून निवडलेली तास-ए-गणेश ही तासगावची देणगी, तर सोनाका सोलापूरच्या नान्नजची. हे ज्ञान शेतकऱ्यांच्या बागेत, वेल जवळून पाहत, वर्षांमागून वर्षे घालवून तयार झाले. कोणत्याही कॅटलॉगमध्ये ते छापलेले नव्हते. ब्लूबेरीच्या बाबतीत आपण त्या प्रवासाच्या पहिल्या पायरीवर आहोत, आणि दहाव्या पायरीवर असल्यासारखे बोलतो आहोत.

यावर नेहमीचा प्रतिवाद पेरूचा असतो. फळाचा नव्हे, देशाचा. २०१० च्या सुमारास पेरू देशाची ब्लूबेरी निर्यात नगण्य होती आणि दहा-बारा वर्षांत तो चिलीला मागे टाकून जगातला सर्वांत मोठा निर्यातदार झाला. तोही विषुववृत्ताच्या जवळ, वाळवंटात, बिलॉक्सी आणि व्हेंचुरा या जातींवर. मग सांगलीत का नाही? कारण ते वाळवंट आपल्या कल्पनेतले वाळवंट नाही. पॅसिफिकमधल्या थंड हम्बोल्ट प्रवाहामुळे ट्रुहियोचा किनारा वर्षभर सौम्य असतो. उन्हाळ्यातही तिथे सांगलीचा एप्रिल येत नाही. पाऊस जवळजवळ नाही, म्हणून पानांवर बुरशी नाही, आणि वाळूत मुळांना हवी ती आम्लता पाण्यातून देता येते. आपल्याला जवळचे उदाहरण हवे असेल तर ते मेक्सिकोतल्या हालिस्को राज्याचे आहे. अक्षांश महाराष्ट्राशी मिळतेजुळते, पाऊस आपल्यासारखाच जून ते सप्टेंबर, हिवाळा कोरडा, आणि तिथेही बिलॉक्सीवरच मदार. पण तिथली ब्लूबेरी बहुतांशी दीड हजार मीटरच्या आसपासच्या पठारांवर आहे. इतकी उंची आपल्याकडे शोधायची तर महाबळेश्वरपर्यंत चढावे लागते, आणि तिथला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस हे आणखी वेगळे दुखणे. म्हणजे इस्लामपूरसाठी तयार उत्तर पेरूत नाही, मेक्सिकोत नाही आणि फ्लोरिडातही नाही. तिन्हीकडून घ्यायचे ते उमेदवार; परीक्षा इथेच व्हावी लागेल.

उमेदवार कोणते, यावर माझी पसंती स्पष्ट आहे. पहिली बिलॉक्सी. अमेरिकेच्या कृषी खात्याने मिसिसिपीतल्या पॉप्लरव्हिल केंद्रातून १९९८ मध्ये ती दिली. थंडीविना ती सर्वांत भरवशाची. पण फळ मध्यम ते लहान, आणि झाड वर्षभर इतके फुलत राहते की छाटणीला हात आखडला तर फळ बारीक होत जाते. दुसरी एमराल्ड: फ्लोरिडाची, जोमदार, पसरट वाढीची, मोठ्या फळाची, फ्लोरिडाच्या दक्षिण भागातल्या सदाहरित बागांतही ती चाललेली आहे. घरच्या खाण्यापुरते पाहिजे असेल तर शार्पब्लूला मी वरचा क्रमांक देईन. तिचे फळ मऊ म्हणून व्यापाऱ्यांनी ती टाकली, पण गच्चीवरून स्वयंपाकघरात जायला मऊपणाची अडचण काय? सनशाइन ब्लू बुटकी, कुंडीला सोयीची. मिस्टीबद्दल मात्र सावध राहावे. ती फुलांचा मारा करते, पाने कमी आणि फळे जास्त अशी अवस्था होते आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षी निष्ठुरपणे फुले खुडली नाहीत तर झाड थकून जाते. नवख्या माणसाच्या हातून ती खुडणी होत नाही. ज्युएल चवीला चांगली, पण पानांवरच्या तांबेऱ्याला बळी पडणारी. आपल्या पावसाळ्यात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तांबेऱ्याने पाने गेली, तर सदाहरित पद्धतीचा सगळा आधारच गेला, म्हणून कुंड्या पावसात उघड्यावर ठेवू नयेत हा नियम ज्युएलसाठी दुप्पट लागू. रॅबिटआय गट उष्णता उत्तम सोसतो, म्हणून ‘गरम हवेची’ या नावाखाली विकला जातो, पण उष्णता सोसणे वेगळे आणि थंडीविना फुलणे वेगळे. शिवाय एकट्या झाडावर फळ धरायला तो नाखूश. आणि टॉप हॅटसारखी फूट-दीड फुटाची शोभिवंत झुडपे ‘कुंडीसाठी खास’ म्हणून दिसली तर पुढे चालावे. ती थंड देशांतल्या कुंड्यांसाठी खास आहेत. कोणतीही जात घ्या, एकाच वेळी फुलणाऱ्या दोन जाती शेजारी ठेवल्या तर फळ मोठे होते. ब्लूबेरीचे फूल उलट्या सुरईसारखे. सातेरी मधमाशी त्यात काम करते, पण पंखांच्या कंपनाने पराग झाडून घेणारी निळ्या पट्ट्यांची रानमाशी अधिक कामाची. गच्चीवर तुळस फुलवून ठेवली तर दोघीही येतील.

जातीवर इतके बोलल्यावर पाण्याकडे दुर्लक्ष केले तर सगळे फुकट. आपल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असते. रोज तेच घातले तर सहा महिन्यांत कोकोपीटचा सामूही चढतो आणि पानांवर केवडा उमटतो. मग माणूस जातीला दोष देतो. मोठ्या लागवडीत गंधकाम्ल किंवा फॉस्फरिक आम्ल सोडतात. घरच्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये. वाण्याकडचे लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, पाण्यात विरघळवून सामू मोजून घातले तरी भागते. पण याहून सोपा उपाय डोक्यावर आहे. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस धरला, तरी नासाडी वजा जाता तीस-पस्तीस हजार लिटर पाणी मिळते, आणि त्यात बायकार्बोनेट जवळजवळ नसते. तीस लिटरच्या कुंडीतल्या झाडाला दिवसाला सरासरी तीन लिटर लागतात असे मानले, तर वीस कुंड्यांना पावसाळ्याबाहेरच्या आठ महिन्यांत साडेचौदा हजार लिटर पुरते. टाकीचा खर्च आहे, नाही असे नाही. पण वीसच्या जागी दोन हजार कुंड्या झाल्या की हे गणित कोलमडते, हे एकराची स्वप्ने पाहणाऱ्याने आत्ताच लिहून ठेवावे. कुंडी काळी नको. उन्हात तिच्या कडेची मुळे भाजतात. बाहेरून पांढरी पिशवी, वर उसाच्या पाचटाचे आच्छादन आणि मार्चपासून शेडनेट, एवढे हवेच.

‘जांभूळ, करवंद सोडून या परदेशी फळाच्या मागे कशाला?’ असा एक आक्षेप येतो आणि तो निम्मा बरोबर आहे. ब्लूबेरीला निळे करणारी अँथोसायनिन द्रव्ये जांभळातही भरपूर आहेत. केवळ आरोग्यासाठी ब्लूबेरी लावणाऱ्याने सरळ जांभूळ खावे. मात्र परदेशी म्हणून नाक मुरडायला ब्लूबेरी पूर्ण परकीही नाही: तिच्याच व्हॅक्सिनियम प्रजातीतली झुडपे निलगिरीच्या डोंगरांत रानटी वाढतात. आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आपण आपली मानतोच ना? २०१० मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले, पण स्वीट चार्ली आणि विंटर डॉन या तिथल्या जाती त्याच फ्लोरिडा विद्यापीठातून आल्या आहेत, जिथून एमराल्ड आणि ज्युएल आल्या.

गंभीर आक्षेप दुसराच आहे: रोपे कंपनी देणार, माल कंपनीच उचलणार, मग शेतकऱ्याला कसली जोखीम? हा प्रश्न इतर कुठे विचारला तर समजू शकतो. इस्लामपुरात तो विचारला जाऊ नये. कडकनाथ कोंबडीच्या नावाने झालेल्या आणि २०१९ मध्ये उघडकीस आलेल्या फसवणुकीचे केंद्र याच गावात होते. पिल्ले द्यायची, अंडी-पक्षी चढ्या भावाने परत घ्यायचे, हाच तो करार. हजारो शेतकऱ्यांचे पैसे त्यात अडकले. ब्लूबेरीचा प्रत्येक रोपविक्रेता तसा आहे असे मी म्हणत नाही. परदेशी पैदासकारांच्या अलीकडच्या जाती खरोखर चांगल्या आहेत, आणि त्या परवान्याशिवाय मिळत नाहीत हेही रास्त आहे. पण कडकनाथ निदान ओळखता तरी येत होता. ब्लूबेरीचे सहा इंची रोप पाहून ते बिलॉक्सी आहे की टिफब्लू, हे भल्याभल्यांना सांगता येत नाही आणि चूक कळायला तीन वर्षे जातात. म्हणून पावतीवर नुसते ‘ब्लूबेरी’ असेल तर रोप घेऊ नये. जातीचे नाव, उतीसंवर्धित की छाटकलमाचे, मातृरोप कुठून आले, एवढे लिहून द्यायला जो तयार नाही त्याच्याकडूनही घेऊ नये, माल कितीही स्वस्त असो.

राहता राहिली परीक्षा. ती कोणी घ्यायची? राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे महाबळेश्वरला गव्हाच्या तांबेऱ्यावरचे संशोधन केंद्र आहे, कसबे डिग्रजला केंद्र आहे, सातारा-सांगलीत कृषी विज्ञान केंद्रे आहेत. उंच, गार महाबळेश्वर आणि त्याच्या निम्म्याहून कमी उंचीवरचा वाळवा तालुका, अशा दोन टोकांना चार जातींच्या प्रत्येकी दहा कुंड्या ठेवायला जमीन लागत नाही, एक छप्पर आणि एक नेमाने नोंद करणारा माणूस लागतो. रजिस्टरमध्ये रकानेही फार नकोत: पानगळ झाली का, पहिले फूल कोणत्या तारखेला, रात्रीचे किमान तापमान, दर आठवड्याला उतरलेले वजन, कुंडीतून निथळलेल्या पाण्याचा सामू, आणि १५ एप्रिलला झाडावर किती हिरवे फळ अडकून पडले. विद्यापीठाला वेळ लागणार असेल तर ऊस कारखान्यांचे शेती विभाग हे करू शकतात. सभासदांना उसाचे बेणे पुरवण्याची यंत्रणा त्यांच्याकडे आहेच. आणि दरम्यान ज्यांच्या गच्चीवर दोन-चार कुंड्या आहेत त्यांनी फळ खावे, पण तारखा लिहून ठेवाव्यात. शेवटच्या रकान्यातला आकडा ज्या जातीत सलग तीन वर्षे लहान राहील, तिच्याबद्दल पुढे गुंठ्यात बोलता येईल.